लेकीच्या सोरोरिटीची वर्गणी एका सेमिस्टरला ३,८२० डॉलर, एवढे पैसे जातात कुठे?

गोदाकाठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेत मुलं कॉलेजात असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. आमची मोठी लेक यंदा दक्षिणेकडच्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत गेली. आम्ही शार्लटच्या बाजूला राहतो, गाडीने सहा तास लागतात. ऑगस्टमध्ये डॉर्ममध्ये तिचं सामान लावून आलो आणि आठवड्याच्या आत फोन की आई मी रश करतेय. म्हणजे काय ते तिनेच समजावलं, की आठवडाभर वेगवेगळ्या सोरोरिटींच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या क्लबसारख्या मंडळांच्या, घरी जायचं, त्यांच्याशी बोलायचं, मग त्यांना तुम्ही आवडलात आणि तुम्हाला ते आवडले तर बिड, म्हणजे आमच्यात ये असं बोलावणं, मिळते. बिड डेचा व्हिडिओ पाठवला तेव्हा पोरगी आनंदाने रडत होती, मीही इकडे रडले. डॉर्ममध्ये पहिले चार दिवस एकटी एकटी होती, म्हणून मला खूप बरं वाटलं.

मग परवा बिल आलं. फोनवर अॅपमध्ये. न्यू मेंबर फी १२०, इनिशिएशन आणि बॅज २९०, चॅप्टर ड्यूज (वर्गणी) ४३०, नॅशनल आणि इन्शुरन्स १५५, फॅसिलिटी फी ६२०, बिल्डिंग फंड ३००, मील प्लॅन १,६४०, पॅनहेलेनिक ४०, सोशल २२५. एकूण ३,८२०. एका सेमिस्टरचे! आणि ती त्या घरात राहतसुद्धा नाही, डॉर्मचं भाडं आणि डॉर्मचा मील प्लॅन आम्ही वेगळा भरलाय. नवरा म्हणाला याच्यात आपल्या घराचे दोन हप्ते जातात, आणि बरोबरच आहे त्याचं.

माझं म्हणणं पैसे द्यायचे की नाही एवढंच नाहीये. माहेरी नाशिकला गल्लीतल्या गणपतीची वर्गणी मागायला पोरं दारात आली की बाबा आधी विचारायचे, गेल्या वर्षीचा हिशेब कुठेय? आणि मंडळाची पोरं खरंच फळ्यावर लिहून लावायची, मंडप एवढे, मूर्ती एवढी, लायटिंग एवढी, शिल्लक एवढी. तो फळा वाचला की बाबा खिशात हात घालायचे. इथे मी लेकीला विचारलं फॅसिलिटी फी म्हणजे काय, तर तिला माहीत नाही. पॅनहेलेनिक म्हणजे काय, माहीत नाही. सगळ्याजणी भरतात गं आई, एवढंच उत्तर. ज्यांच्या मुली यातून गेल्यात त्यांनी प्लीज सांगा, हा पैसा नक्की कशाकशावर खर्च होतो, दर सेमिस्टरला एवढाच येणार का, आणि कुठे काही कमी होतं का. १५ सप्टेंबरपर्यंत भरायचेत.

---

रेवा_२१

काकू, मी सहावीत असताना इकडे आले त्यामुळे टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. मी आमच्या चॅप्टरची, म्हणजे सोरोरिटीच्या आमच्या कॉलेजातल्या शाखेची, एक वर्ष व्हीपी फायनान्स होते, म्हणजे खजिनदारच, त्यामुळे हे बिल मला आतून माहीत आहे, प्रत्येक ओळ सांगते.

आधी मोठा आकडा बघा. मील प्लॅन १,६४०, फॅसिलिटी ६२०, बिल्डिंग फंड ३००, हे तीन मिळून २,५६० होतात. म्हणजे तुमच्या ३,८२० मधले तीनातले दोन डॉलर घर आणि जेवण यातच गेले. पार्ट्यांवर सगळं उडतं असं लोकांना वाटतं, पण जिथे मोठं घर आहे तिथे खरा खर्च स्वयंपाकघर आणि छप्पर हाच असतो.

ते घर चॅप्टरच्या मुलींचं नसतं. बहुतेक ठिकाणी माजी मेंबर बायकांची एक वेगळी संस्था असते, तिला हाउस कॉर्पोरेशन म्हणतात, घर तिच्या किंवा नॅशनलच्या, म्हणजे सोरोरिटीच्या देशभरच्या मुख्य संस्थेच्या, नावावर असतं (काही कॅम्पसवर युनिव्हर्सिटीचं असतं) आणि चॅप्टर तिला भाडं देतो. कर्जाचे हप्ते, इमारतीचा विमा, आग विझवायचे स्प्रिंकलर, गळणारं छप्पर, हे सगळं त्यातून. घरात राहणाऱ्या मुली खोलीचं भाडं देतातच, पण बाहेर राहणाऱ्या बाकीच्या जणीसुद्धा तिथे येऊन अभ्यास करतात, जेवतात, मीटिंगला बसतात, म्हणून त्यांच्याकडून फॅसिलिटी फी घेतात, काही ठिकाणी तिलाच पार्लर फी म्हणतात. आमच्या वर्षी सप्टेंबरच्या उन्हात किचनचा वॉक-इन फ्रीजर बंद पडला, आतलं चिकन, भाज्या सगळं टाकून द्यावं लागलं, दुरुस्तीचं बिल ९,००० डॉलरच्या वर आलं. बिल्डिंग फंड नसता तर त्या महिन्यात प्रत्येकीला जादा बिल गेलं असतं. घरात एक हाउस डिरेक्टर बाई राहतात, सगळ्या त्यांना हाउस मॉम म्हणतात, त्यांचा पगार, स्वयंपाक करणाऱ्यांचा पगार, साफसफाई, हेही त्यातच.

जेवणाचं म्हणाल तर आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार दुपारचं आणि सोमवार ते गुरुवार रात्रीचं असायचं. लॅब असली, क्लास असला तर सकाळी नाव लिहून ठेवायचं, मग आचारी काका आपली लेट प्लेट बाजूला ठेवायचे, वर फॉइल आणि त्यावर मार्करने नाव. रात्री साडेनऊला लायब्ररीतून येऊन फ्रिज उघडला की आपल्या नावाची प्लेट दिसायची, मी शाकाहारी म्हणून माझ्या फॉइलवर नावापुढे हिरवा ठिपका. लेक शाकाहारी असेल तर आत्ताच हाउस डिरेक्टरना ईमेल करायला सांगा, सेमिस्टर सुरू झाल्यावर मेन्यू बदलायला वेळ लागतो.

आता बाकीचं. न्यू मेंबर फी १२० आणि इनिशिएशन (म्हणजे रीतसर मेंबर करून घ्यायचा विधी), बॅज २९०, हे एकदाच. बिल्डिंग फंडही बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षीच असतो, विचारून घ्या. तो एकदाच असेल तर हे तीन मिळून ७१० पुढच्या सेमिस्टरला गळतात आणि बिल ३,११० वर येतं. नॅशनलचे पैसे मुख्य ऑफिसला जातात, तिथला पगारी स्टाफ, चॅप्टरना भेटी देणाऱ्या कन्सल्टंट मुली, ट्रेनिंग, आणि दायित्वाचा विमा. पॅनहेलेनिकचे ४० डॉलर कॅम्पसवरच्या सगळ्या सोरोरिटींच्या एकत्र कौन्सिलला, रश तेच चालवतात.

चॅप्टर ड्यूज आणि सोशल हे मात्र मुलींच्या हातात असतं, तेच माझ्याकडे होतं. आम्ही १६० जणी होतो, वर्षाला दीड लाखाच्या वर डॉलर आणि मी वीस वर्षांची! बजेट मीच एका अॅल्युम्ना अॅडव्हायझर (सल्ला देणाऱ्या माजी मेंबर) बाईंबरोबर बसून करायचे, मग चॅप्टरपुढे मतदान. उदाहरण म्हणून आमचा स्प्रिंग फॉर्मल, म्हणजे नटूनथटून जायची मोठी पार्टी, सांगते. चार बस, हॉल, डीजे, सिक्युरिटी, खाणं मिळून १३,००० गेले, म्हणजे एका मुलीमागे ८१ डॉलर. बस कशाला असं मलाही वाटायचं, पण रात्री कोणी स्वतः गाडी चालवत परत येऊ नये म्हणून बस सक्तीची होती आणि ते मला आजही योग्य वाटतं. रशचा खर्चही ड्यूजमधूनच जातो हे कोणी सांगत नाही, सजावट, नावाचे बिल्ले, पाणी, आणि सगळ्या मेंबर कॉलेज उघडायच्या आधी आठ दहा दिवस येतात त्यांचं जेवण.

एक गोष्ट मनापासून सांगते. माझ्या वेळी एक मुलगी होती, संध्याकाळी कॅफेत काम करायची, दोन महिने ड्यूज थकले म्हणून ती मीटिंगलाच येईना. मी तिला डायनिंग टेबलापाशी बसवून लॅपटॉपवर पेमेंट प्लॅन करून दिला, महिन्याला ठरावीक हप्ता, कोणाला कळलंही नाही. जवळजवळ प्रत्येक चॅप्टरमध्ये असा प्लॅन मिळतो, पण मागावा लागतो. लेकीला सांगा खजिनदार मुलीला सरळ मेसेज कर, लाजू नको. आणि चॅप्टरचं बजेट मेंबरना बघायला मिळतं, तुमचा तो फळा तिथे आहे, फक्त तो लेकीनेच मागायचा, आईबाबांनी मागितला तर देत नाहीत.

---

कोल्हापूरकर_ओहायो

रेवाने बिलातलं छान सांगितलं, मी बिलात न दिसणारं सांगतो, कारण आम्हाला त्याचा फटका बसलाय. कुठल्या सोरोरिटीचा, ते नाव घेत नाही.

ताई, पैसे भरायच्या आधी लेकीने ज्यावर सही केली असेल तो करार वाचा. फोनवर बोटाने सही केलेली असते, पोरं वाचत नाहीत. आमच्या मुलीने पहिल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अजून एका कागदावर सही केली, तो होता पुढच्या वर्षी घरात राहायचा करार. बऱ्याच चॅप्टरमध्ये घर भरलेलं असावं म्हणून नियम असतो की दुसऱ्या वर्षी किंवा पदाधिकारी झाल्यास घरात राहावं लागेल. घरातल्या खोल्या रिकाम्या राहिल्या तर कर्जाचा हप्ता कोण भरणार हा त्यांचाही प्रश्न आहे, ते मी समजू शकतो. पण मार्चमध्ये पोरीचं मन उडालं, मैत्रिणी वेगळ्या अपार्टमेंटमध्ये निघाल्या, आणि तेव्हा कळलं की खोली आणि जेवणाचे वर्षाचे ७,६०० डॉलर द्यावे लागतील नाहीतर आपल्या जागी दुसरी मेंबर शोधून द्या. ती सापडली जुलैमध्ये, चार महिने घरात झोप नव्हती, आणि तरी करार मोडल्याचे ५०० भरलेच.

दुसरं म्हणजे दंड. सोमवारच्या चॅप्टर मीटिंगला न सांगता गैरहजर राहिलं की २५, कुठल्या कार्यक्रमाला नाही गेलं की अजून काही. तिने आम्हाला सांगितलंच नाही. स्वतःच्या वाढदिवसाच्या पैशातून भरत राहिली, आणि सोडल्यावर ६४० डॉलर बाकी म्हणून वसुली कंपनीचं पत्र घरी आलं तेव्हा आम्हाला पत्ता लागला. पोरगी जिन्यात बसून रडत होती, म्हणाली बाबा तुम्ही ओव्हरटाइम करता आणि मी हे कसं सांगू. मला पैशांपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं. मग मी सगळे ईमेल, पावत्या, तिने राजीनामा दिलेली तारीख, हे क्रमाने लावून त्यांच्या मुख्य ऑफिसला लिहिलं, दोन आठवड्यांत अर्ध्याच्या वर रक्कम चुकीची होती असं उत्तर आलं आणि ती काढली. म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवा आणि अॅपचा पासवर्ड नको पण महिन्यातून एकदा लेकीबरोबर बसून ते अॅप उघडा.

आणि सोडायचंच असेल तर त्याचेही नियम आहेत. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स म्हणून १९०२ सालची एक शिखर संस्था आहे, २६ सोरोरिटी तिच्यात येतात, तुमच्या लेकीची बहुतेक त्यातलीच असणार. तिच्या नियमाने बिड स्वीकारून इनिशिएशनच्या आधी सोडलं तर त्याच कॅम्पसवर पुढच्या मुख्य रशपर्यंत त्या २६ मधल्या दुसऱ्या कुठल्या सोरोरिटीत जाता येत नाही. आणि एकदा इनिशिएशन झालं की या २६ मधल्या दुसरीत कधीच नाही, जन्मभर. त्यामुळे विचार करायचा तो इनिशिएशनच्या आधीच. तुमच्याकडे अजून काही आठवडे असतील.

---

हिशेबनीस

मी इकडे टॅक्सचं काम करतो, थोडक्यात सांगतो. सोरोरिटीचे ड्यूज करातून वजा होत नाहीत. चॅप्टर हा कायद्याने सोशल क्लब, कलम ५०१(सी)(७), धर्मादाय संस्था नाही. त्यांची फाउंडेशन वेगळी असते, ती ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय, तिला दिलेली देणगी वजा होऊ शकते, पण ड्यूज म्हणजे देणगी नव्हे.

५२९ खात्यातून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) ड्यूज, इनिशिएशन, सोशल यासाठी पैसे काढू नका, वाढलेल्या रकमेवर इन्कम टॅक्स आणि वर १० टक्के दंड लागतो. पण राहणं आणि जेवण चालतं, सोरोरिटीच्या घरातलंही चालतं, अट अशी की मुलगी निदान अर्धवेळ विद्यार्थिनी असावी आणि कॉलेजने खर्चाच्या अंदाजात राहण्याजेवणासाठी जी मर्यादा धरली आहे तिच्या आत बसावं. तुमचा डॉर्मचा मील प्लॅन आधीच त्यात धरलेला असेल तर दोन्हींची बेरीज करून मर्यादा बघा. बिल एका रकमेत भरलं तरी जेवणाची ओळ वेगळी दाखवणारी पावती मागून ठेवा.

हिशेबाचा फळा म्हणालात तो अजून एका ठिकाणी आहे. मुख्य संस्था आणि बरीचशी हाउस कॉर्पोरेशन दरवर्षी आयआरएसला, म्हणजे इथल्या कर खात्याला, फॉर्म ९९० भरतात आणि तो कोणालाही बघता येतो, आयआरएसच्या साइटवर करमुक्त संस्थांचा सर्च आहे, नाव टाका. उत्पन्न किती, पगार किती, शिल्लक किती, सगळं दिसतं. छोट्या संस्था नुसतं पोस्टकार्डासारखं ९९०-एन भरतात, त्यात आकडे नसतात.

---

बायूकाठची_सखी

गोदाकाठची ताई, एक वेगळी बाजू सांगते. सोरोरिटी म्हटलं की सगळ्यांना दक्षिणेतली ती पांढऱ्या खांबांची घरंच आठवतात, त्यात २०२१ च्या ऑगस्टमध्ये अलाबामाच्या टस्कलूसामधल्या रशचे व्हिडिओ टिकटॉकवर एवढे पसरले की आता प्रत्येक मुलीला तेच डोळ्यापुढे येतं. पण सगळ्या सोरोरिटी तशा नसतात आणि त्यांची वर्गणीही तशी नसते.

मी ह्यूस्टनमध्ये वाढले आणि कॉलेजात एका साउथ एशियन सोरोरिटीत होते. या अगदी अलीकडच्या आहेत, डेल्टा फाय ओमेगा १९९८ मध्ये इथेच युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टनमध्ये सुरू झाली, काप्पा फाय गॅमा त्याच वर्षी ऑस्टिनला. आमचं घर नाही, आचारी नाही, फ्रीजर नाही, त्यामुळे बिलातले ते दोन तृतीयांशच नाहीत. मी असताना माझे सेमिस्टरला २५० च्या आसपास जायचे. त्यातला मोठा भाग नॅशनलला आणि विम्याला, बाकी युनिव्हर्सिटीचा हॉल घ्यायला, दिवाळीच्या कार्यक्रमाला, डान्सच्या कपड्यांना. मीटिंग लायब्ररीच्या खोलीत फुकट. फक्त सुरुवातीच्या सेमिस्टरला जास्त लागतात, आणि आम्ही मोजून पंचवीस जणी त्यामुळे एकीने नाही भरले तर सगळ्यांना जाणवतं.

काळ्या मुलींच्या सोरोरिटींचंही वेगळं आहे. अल्फा काप्पा अल्फा १९०८ सालची, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीतली, कमला हॅरिस तिच्याच मेंबर, १९८६ पासून. तिथे बहुतेक ठिकाणी मोठं घर नसतं, पण कॉलेज संपलं तरी पदवीधरांच्या चॅप्टरमध्ये बायका वर्षानुवर्षं वर्गणी भरत राहतात, त्यातून स्कॉलरशिप, मतदार नोंदणी असं काम चालतं. माझ्या ऑफिसातल्या एक बाई साठीच्या आहेत, अजून भरतात.

समाजसेवेचं पण सांगून ठेवते कारण माझ्या आईचा हाच गैरसमज होता की ड्यूजमधले पैसे दान जातात. तसं नसतं. झीटा टाउ अल्फा स्तनांच्या कॅन्सरबद्दल जागृती करते, ट्राय डेल्टा मेंफिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलसाठी पैसे जमवते, काय ओमेगा (Chi Omega) मेक-अ-विशसाठी, पण तो पैसा मुख्यतः वेगळा जमवलेला असतो, पॅनकेक विकून, पाच किलोमीटरची रन ठेवून, आणि आईबाबांना, काकांना लिंक पाठवून. ती लिंक तुम्हालाही येईल. द्यायला हरकत नाही, पण तो वेगळा खर्च धरा.

आणि वेगळा खर्च म्हणाल तर अजून आहे, सगळा पहिल्या वर्षात. प्रत्येक कार्यक्रमाचा टीशर्ट वीस पंचवीस डॉलर, फॉर्मलचा ड्रेस, पुढच्या वर्षी तिला लिटल (जिची ताई म्हणून तिला नेमतात ती नवी मेंबर) मिळाली की तिच्यासाठी भेटींची टोपली, फोटोंचं पॅकेज. माझ्या चुलत बहिणीच्या मोठ्या सोरोरिटीत बिग-लिटल आठवड्यात चार दिवस रोज एक टोपली असायची, तिने त्यावर एकटीने ३०० उडवले होते आणि ते कुठल्याच बिलात नव्हते. टीशर्ट प्रत्येक घेतलाच पाहिजे असं नसतं, हे लेकीला स्पष्ट सांगा.

---

पुण्यातून_वाचतेय

मध्येच विचारते, माझी भाची पुढच्या वर्षी अंडरग्रॅडला येतेय, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर. तिला जाता येतं का अशा सोरोरिटीत? तिने आत्ताच व्हिडिओ बघून ठरवलंय. आणि एज्युकेशन लोनमध्ये हे बसेल का?

---

रेवा_२१

जाता येतं, व्हिसाची काही अडचण नाही, आमच्या चॅप्टरमध्ये मुंबईची एक जण होती. पण आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) जो खर्च लिहिलेला असतो त्यात ड्यूज धरलेले नसतात, त्यामुळे लोनवर अवलंबून राहू नका, हे वरचे पैसे समजा. शिवाय एफ-१ वर तिला नोकरी करायची तर मुख्यतः कॅम्पसवरचीच आणि सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, त्यातून मोठ्या घराचे ड्यूज निघणं अवघड आहे. सखीताईने सांगितलेल्या छोट्या सोरोरिटी तिला परवडतील. बऱ्याच कॅम्पसच्या पॅनहेलेनिकच्या साइटवर सरासरी खर्च दिलेला असतो, घरात राहणाऱ्यांचा वेगळा आणि बाहेर राहणाऱ्यांचा वेगळा, रशची फी भरायच्या आधी तो बघायला सांगा, ती फी सहसा परत मिळत नाही.

काकू, तुमच्यासाठी राहिलंच, डॉर्मच्या मील प्लॅनचं. पहिल्या वर्षाच्या मुलींना बऱ्याच ठिकाणी डॉर्मचा प्लॅन सक्तीचा असतो पण त्यात बरेचदा तीन चार प्रकार असतात, आणि सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिले दोन तीन आठवडे तो कमी करता येतो. सोरोरिटीत आठवड्याला नऊ जेवणं मिळत असतील तर डॉर्मचा सगळ्यात मोठा प्लॅन कशाला? आजच चेक करा, ती मुदत निघून गेली की गेली. काही युनिव्हर्सिटी सोरोरिटीत जेवणाऱ्या मुलींना वेगळा छोटा प्लॅनही देतात.

---

गोदाकाठची

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू, खरंच. काल रात्री लेकीबरोबर व्हिडिओ कॉलवर दीड तास बसलो, नवरा, मी आणि ती, तिघांनी तो करार वाचला. मी आधी जरा चिडून सुरुवात केली होती पण कोल्हापूरकर दादांचं ते जिन्यात रडणाऱ्या मुलीचं मनात होतं, म्हणून आवाज खाली आणला. तिला सांगितलं की पैसे कमी पडले, दंड लागला, काहीही झालं तरी पहिला फोन आम्हाला. मग ती हळूच म्हणाली की रशसाठी घेतलेले दोन ड्रेस तिने बेबीसिटिंगच्या साठवलेल्या पैशातून घेतलेत, आम्हाला सांगितलं नव्हतं. तेही बोलून झालं.

डॉर्मच्या मील प्लॅनची मुदत या शुक्रवारची निघाली! रेवा, तू लिहिलं नसतंस तर गेलीच होती. आठवड्याला १९ जेवणांचा होता तो सगळ्यात छोट्या ७ जेवणांच्या प्लॅनवर आणला, त्यात ६१० डॉलर वाचले. सोरोरिटीत दुपारची पाच आणि रात्रीची चार, अशी नऊ, आणि सात डॉर्मची, नाश्ता ती खोलीतच पोहे आणि दूध असं करते. हाउस डिरेक्टरना शाकाहाराचं लिहिलं, त्यांचं छान उत्तर आलं, की आधीच अकरा जणी आहेत, रोज एक वेगळा पदार्थ असतो.

बिल्डिंग फंड एकदाच आहे, पक्कं विचारलं, म्हणजे जानेवारीत ३,११० येतील. चार हप्त्यांचा प्लॅन मिळाला. सोशलचे २२५ ती स्वतः भरणार, लायब्ररीत आठवड्याला आठ तासांचं काम लागलंय तिला. नवऱ्याने जेवणाच्या १,६४० ची वेगळी पावती मागायला लावली आहे ५२९ साठी, आणि तो फॉर्म ९९० काढून आज ऑफिसच्या लंचब्रेकमध्ये वाचत होता, हाउस कॉर्पोरेशनवर अजून बरंच कर्ज आहे म्हणाला, मग बिल्डिंग फंड का घेतात ते कळलं.

बजेट मात्र अजून बघायला मिळालेलं नाही. लेकीने खजिनदार मुलीला मेसेज केला, ती म्हणाली की इनिशिएशन झाल्याशिवाय पूर्ण बजेट दाखवता येत नाही पण सोमवारी मीटिंगनंतर बसून तोंडी सगळं सांगते. मला ते काही पटलं नाही, वर्गणी आधी आणि हिशेब नंतर, पण ती मुलगी स्वतःहून वेळ देतेय म्हणून सोमवारपर्यंत थांबते. दुसऱ्या वर्षी घरात राहायची सक्ती आहे का, तो प्रश्न लेकीने वहीत लिहून घेतलाय, पहिल्याच ओळीत. नोव्हेंबरच्या आत त्याचं उत्तर लेखी हवं असं सांगितलंय. आलं की इथेच लिहिते.

---

कोल्हापूरकर_ओहायो

ताई, लेखी म्हणजे ईमेल, मेसेज नाही. आणि किती मुली घरात राहणार, जागा किती आहेत, हेही त्यातच विचारायला सांगा. जागेपेक्षा मुली जास्त असतील तर सक्ती सहसा लॉटरीवर किंवा पॉइंटवर जाते, मग सुटायची शक्यता असते.

---

गोदाकाठची

हो दादा, ईमेलच करायला सांगते. जागा ६४ आहेत म्हणाली.